सुतक नदी ओलांडतं काय?

डिचोली,
वैशाख वद्य, रविवार दुपार

तीर्थरूप रघुनाथमामांच्या पायांवर सुमंगलेने डोकं ठेवलं आहे असं समजावं.

इकडे देवीच्या कृपेने सगळी हिंडतीफिरती आहेत. आपला गुडघा कसा आहे? मामींनी मागच्या पत्रात लिहिलं होतं की आपण वैद्याचं तेल बाजूला सारून तालमीतल्या कुणा पैलवानाकडून गुडघा चोळून घेता, आणि आता तो पैलवानच आपल्याकडे संस्कृत शिकायला बसतो. गुडघा राहिला असेल तसाच, पण पैलवानाचं कल्याण झालं, हेही थोडं नाही. (सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "दादाचा गुडघा लहानपणीच गेलाय. फणसावर चढायला कोणी सांगितलं होतं?" आपण शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण धाकटी बहीण अजून आपल्यावर रागावते आहे, हे कळवलेलं बरं.) हे पत्र टपालाने पाठवत नाही, तेवढा वेळ नाही. बेळगावची भाजी आमच्या बाजारात आणणारा सगुण ट्रकवाला उद्या परत जाईल, त्याच्याकडे देते. उत्तर घेतल्याशिवाय हलू नकोस असं त्याला बजावलं आहे. त्याला चहा द्यावा, शास्त्र देऊ नये, कारण मिरच्या नासतात.

आपल्या नातीचं, मालतीचं, लग्न येत्या गुरुवारी, हे आपणास ठाऊक आहेच. मुलगा पेडण्याच्या शिवदासरावांचा, मुरगाव बंदरावर नोकरीला, शांत, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारा, म्हणजे आमच्या घरात शोभून दिसेल असा. पत्रिका आपणच जुळवलीत आणि शिवदासरावांनी ती डोळे मिटून मान्य केली, कारण ते बेळगावला शिकायला होते तेव्हा आपल्या हातची छडी खाल्लेले. आजही आपलं नाव काढलं की ते हात मागे घेतात. सगळं सुरळीत होतं. मग रिवाजाप्रमाणे देवळात प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार, एवढंच देवीला करायचं असतं. पण दोन्ही पाकळ्या चिकटल्या त्या चिकटूनच राहिल्या. आम्ही बसून बसून पाय बदलले. नारायणभटजी म्हणाले, देवी विचारात आहे. सासूबाई म्हणाल्या, विचारात कसली, ती वाट बघते आहे. आणि मग ते जुनं प्रकरण निघालं, की आमच्या पूर्वजांनी पोर्तुगेजांच्या भयाने देवीला डोक्यावर घेऊन नदी ओलांडली तेव्हा तिला शब्द दिला होता, घरात लग्न निघालं की तुझ्या मूळ थानावर येऊन ओटी भरू. तो शब्द आजवर पाळला गेला नाही. आधी भीती होती म्हणून, मग त्या जागेवर माद्रींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, कोंव्हेंत उभा राहिला म्हणून, आणि गोवा मुक्त झाल्यावर, आता केव्हाही जाता येईल म्हणून. 'मूळ थानाची ओटी हवी काय,' असं भटजींनी विचारायचा अवकाश, उजवी पाकळी टपकन खाली आली. मामा, मी अशा गोष्टींना लगेच हात जोडणारी नाही, पण तेव्हा जोडले.

तर काल शनिवारी आम्ही निघालो. सासूबाई, मी, आपले भाचे आणि नारायणभटजी. मी का, तर सासूबाईंना ओटी भरता येत नाही, सवाष्ण हवी. (एरवी माझ्या हाताला चव नाही, पण सवाष्णपणात त्यांनी अजून खोट काढलेली नाही.) ओटीचं ताट जमिनीला टेकायचं नाही, असा हुकूम होता. म्हणून खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, पाच फळं असा सगळा संसार ह्यांनी डिचोलीपासून मांडीवर धरला. नार्व्यापर्यंत बसमध्ये, आणि तिथून गॅसोलिनीत. (गॅसोलीन म्हणजे इंजिनाची होडी. बेळगावात राहून आपण ती विसरला असाल.) गॅसोलिनीत शेजारी मासळीवाली बसली. तिची पाटी आणि आमचं ताट यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवण्यासाठी हे एका अंगावर इतके कलले की नावाड्याने वजन सारखं करायला भटजींना दुसऱ्या टोकाला बसवलं, आणि तिथे इंजिनाचं तेल होतं. भटजींच्या सोवळ्यावर त्याचे डाग पडले. ते पलीकडे उतरेपर्यंत डागच चोळत राहिले. सासूबाई मात्र सबंध वाट पाण्याकडे बघत होत्या आणि मधेच म्हणाल्या, एवढीशी नदी. मला वाटतं त्यांना ती समुद्राएवढी वाटत होती.

आंबेखण गाव म्हणजे नारळी, बांध आणि मधे ती पांढरी इमारत. भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस निजेल, खिडक्यांना काचेऐवजी घासलेल्या शिंपा, आणि दारावर एक लाकडी झडप. झडप उघडून एका सिस्टरनी अर्धा चेहरा दाखवला. बायकांनी आत यावं, पुरुषांनी नाही, असा तिथला नियम. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी ताट माझ्या हाती दिलं आणि आंब्याखाली पंचा पसरला. पण भटजी अडले. मंत्राशिवाय ओटी कशी भरणार? शेवटी तोड निघाली की स्वयंपाकघरामागच्या कुंपणभिंतीला लागून त्यांनी बाहेर उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, आम्ही आतून ऐकू. त्यांनी लगेच सुरुवात केली, आम्ही आत पोचायच्या आधीच. कोंव्हेंताचं कुत्रं त्यांच्या प्रत्येक स्वाहाकाराला साथ देऊ लागलं. आतल्या एका वृद्ध सिस्टरना वाटलं, कोणी भुकेला हाका मारतो आहे. त्यांनी भिंतीवरून दोन गरम उंडे खाली सोडले. भटजींनी मंत्र न तोडता ते उंडे पंचावर ठेवले आणि ह्यांनी ते खाल्ले. (पाव उत्तम होते म्हणे. घरी आल्यावर प्रायश्चित्त विचारलं तर भटजी म्हणाले, उंडे मिळाले मला, खाल्ले तुम्ही, प्रायश्चित्त कोणाचं ते आधी ठरवा.)

आत आम्हाला मादर एर्मेलिंदा भेटल्या. मामा, सत्तरीच्या बाई, पण चालणं असं की मला ताट सांभाळून त्यांच्यामागे पळावं लागलं. कशाला आलात, हे सांगताना माझी जीभ चाचरत होती, पण त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि स्वयंपाकघरातून खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्यांनी आम्हाला तळघरात नेलं. वर सगळा तांबडा चिरा, आणि खाली उतरता उतरता एकदम काळा पाषाण. अर्धा मोडलेला खांब आहे, त्यावर वरची चूल तोललेली. कोपऱ्यात चौथरा आहे, त्याच्या कडेने कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, गुळगुळीत, जणू काल कोणी हात फिरवलाय. आणि त्या चौथऱ्यावर, देवीच्या मूळ जागेवर, मीठपाण्यात चेपलेल्या आंब्यांच्या बरण्या. ओळीने मांडलेल्या, फडकी बांधलेल्या. थंडावा इथेच असतो म्हणून, असं मादर म्हणाल्या. सासूबाईंनी डोळे मिटले, मग उघडून विचारलं, या जागेवर आजवर आणखी काय काय ठेवलं होतं? (त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि मादरनाही कळलं.) मादर म्हणाल्या, फक्त आंबे. माझ्या आधीच्या मादरनी सांगून ठेवलंय, इथे मांस ठेवायचं नाही. का ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. मी ताट एका हातावर तोललं आणि आम्ही तिघींनी मिळून बरण्या खाली उतरवल्या. एवढ्यात आटपलं असतं तर मी हे पत्र पेढ्यांबरोबर पाठवलं असतं.

पण मादरनी सहज विचारलं, "तुमी खंयचीं?" आणि सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या, "आतां दिवचलचीं. पूण मूळचीं हांगाचींच. पयल्या वांगडाचीं." (दिवचल म्हणजे आमची डिचोलीच. गाव वसवणारी जी घराणी, त्यांचे वांगड, हे आपणास सांगायला नको. पहिला वांगड म्हणजे मानाचा, हे सासूबाई रोज सांगतात.) मादरनी हातातली बरणी खाली ठेवली. "पयल्या वांगडाचीं? पयल्या वांगडाचीं तर आमी!" मामा, त्यांचं माहेर त्याच गावात, शेतापलीकडे. चारशे वर्षांपूर्वी एका घराचे दोन भाग झाले, एक नदी ओलांडून गेला आणि एक बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून घेऊन राहिला, तो राहिलेला भाग म्हणजे यांचं घर. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे शेतां घेवन बसलीं तीं तुमी!" आणि मादर म्हणाल्या, "आनी देवी घेवन धांवलीं तीं तुमी!"

पुढचा अर्धा तास आपल्या बहिणीने एका संन्यस्त बाईशी भाऊबंदकी केली. बांधाखालचं पाणथळ शेत, तळ्याकाठचा फणस, कुळागरातल्या सुपाऱ्या, काही म्हणजे काही सुटलं नाही. मादरही कमी नव्हत्या. आमचं तांब्याचं भाण तुम्ही रातोरात नेलंत, न्हाणीत पाणी तापवायला मागे मडकंसुद्धा उरलं नाही, असं त्यांची आजी सांगायची म्हणे. सासूबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्याकडे तसलं भाण कधीच नव्हतं. (आमच्या न्हाणीतल्या भाणातून आपणही मागल्या चवथीला आंघोळ केली आहे. काठाशी चेपलेलं आहे ते. मादरनी चेपल्याची खूणही सांगितली.) मी ताट धरून उभी. बाहेरून भटजींचा आवाज चढत होता, कारण आतून 'हं' येईना. मला एकदा वाटलं, देवीला ओटीबिटी काही नको, तिला हे भांडणच ऐकायचं होतं.

मग मादर थांबल्या. बरणीचं तोंड पुसत म्हणाल्या, आता शेतही कोणाचं राहिलं नाही. "म्हजो भाव काल सरलो. आयज सकाळीं पुरलो." तो एकटाच उरला होता, लग्न केलं नव्हतं, आता घराला कुलूप. मादर बाहेर जात नाहीत, त्यांच्या मठाची तशी शिस्त आणि त्यांचं तसं व्रत. आदल्या दिवशी बागेत असताना चर्चची घंटा ऐकली, गावात कोणी गेलं म्हणून गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि मग कोणी येऊन सांगितलं की ती घंटा कोणासाठी होती. हे त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, डोळे कोरडे. सासूबाई म्हणाल्या, "आमकां सुतक पडलें." आणि पदर झटकून उठल्या. ओटी तशीच ताटात. सुतकात ओटी कशी भरणार? भिंतीबाहेर भटजी आशीर्वादापर्यंत पोचले होते, त्यांना थांबवायला मला धावावं लागलं.

तेव्हा आता घराची अवस्था ऐकावी. काल संध्याकाळी आल्याआल्या सासूबाईंनी सगळ्यांना डोक्यावरून आंघोळ करायला लावली (त्याच भाणातून). देवघर बंद. अंगणात वाळत घातलेले लग्नाचे पापड तसेच, कोणी हात लावायचा नाही. फोडणी बंद. आचारी दारात येऊन बाहेरूनच परतला. घरात मेलेलं कोणी नाही आणि बसलेली सगळी. मालती माजघरात हिरवा चुडा हातात घेऊन बसली आहे, भरायचा की नाही ते तिला कोणी सांगत नाही. गुरुवारचं लग्न सुतकात येतं. नांदी झाली असती तर सुतक दाराबाहेर थांबलं असतं, पण नांदी बुधवारी ठरली होती. भटजींनी परोपरीने सांगितलं की चारशे वर्षं, एवढ्या पिढ्या, शिवाय धर्म वेगळा, शिवाय मधे नदी, फार तर एक आंघोळ, आणि ती झाली. सासूबाई त्यांना म्हणाल्या, तुमच्या सोवळ्यावर तेलाचे डाग आहेत. हे तर गप्पच आहेत, दुपारचा फोडणीशिवायचा भात खाऊन आणखी गप्प झाले.

म्हणून हे पत्र. सासूबाई जगात एकाच माणसाचं ऐकतात (ऐकून मग रागावतात, ते निराळं). आपण सगुणाच्या हाती चार ओळी द्याव्यात, की सुतक सात पिढ्यांपलीकडे पोचत नाही, नदी ओलांडत नाही, आणि लग्न ठरल्याप्रमाणे गुरुवारी करावं. थोडं संस्कृत घालावं. अक्षर मोठं असावं, म्हणजे त्यांना चष्म्याची सबब सांगता येणार नाही. मालतीचा जीव टांगणीला लागला आहे आणि माझाही. मामींना साष्टांग नमस्कार, पैलवानाला आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक सून,
सुमंगला

ता. क. उत्तरात भाणाचा उल्लेख करू नये. आज सकाळपासून सासूबाई म्हणतात की ते भाण त्यांच्या माहेरचं, म्हणजे आपल्याकडून आलेलं आहे. तसं आपणास आठवत असल्यास कळवावं, नसल्यास आठवू नये.

दुसरा ता. क. सोमवार सकाळ. सगुण ट्रक घेऊन दारात उभा आहे, त्याला थांबवून लिहिते आहे. काल दिवेलागणीला हे पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हटलं लपवाछपवी नको. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा माका कितें सांगतलो? सात पिढ्यो माकाय मेजूंक येतात." मी चाट. म्हटलं, ठाऊक आहे तर मग हे काय चाललंय? तर म्हणाल्या, तिच्याकडे शेत मागितलं तेव्हा मी पिढ्या मोजल्या होत्या काय? भांडायला भाऊबंद आणि सुतकाला परकी, असं आमच्या घरात चालत नाही. मालतीनेही ऐकलं. तिने चुडा कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली.

तेव्हा वर मागितलं ते कृपा करून लिहू नये. त्याऐवजी एक पत्र पेडण्याला शिवदासरावांना लिहावं, की आमच्या घरी जवळच्या भाऊबंदांचं सुतक आलं आहे, सुतक पुरं पाळलंच पाहिजे, आणि लग्न ज्येष्ठातल्या मुहूर्तावर करावं. ज्येष्ठात पाऊस असेल, मांडवावर पत्रे घालू. पावसात बंदरावरचं खनिजाचं काम थंडावतं, तेव्हा जावयाला रजाही जास्त मिळेल, हेही घालावं. आम्ही सांगितलं तर ते शंभर प्रश्न विचारतील, आपण लिहिलंत तर हात मागे घेतील. शास्त्रात तसं नसेल, हे मला कळतं. सापडेपर्यंत बघावं, आणि नाहीच सापडलं तर आपलं वय बघून कोणी विचारणार नाही. सुतक फिटलं की मी आणि सासूबाई पुन्हा आंबेखणला जाऊन ओटी भरून येणार आहोत. भटजींना नेणार नाही.

आणखी एक, आणि हे शेवटचं, सगुण हॉर्न वाजवतो आहे. वर मी लिहिलं की सासूबाई पदर झटकून उठल्या. उठल्या खऱ्या, पण लगेच नाही. मधलं मी गाळलं, कारण ते वाचून आपण 'सुतक नाही' असं लिहून दिलं नसतं. मादरनी मला विचारलं, सुतक म्हणजे काय करतात? मी सांगितलं, की देवापुढे दिवा लावत नाही, गोडधोड करत नाही, लग्नकार्य थांबवतो, कोणाकडे जात नाही, घर बसून राहतं. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आनी हें सगलें तुमी म्हज्या भावाखातीर करतलीं?" सासूबाईंनी त्यांच्या हातातलं फडकं काढून बाजूला ठेवलं, दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "तुजोच खंयचो गो? आमचोय भाव तो."

मादर तेव्हा रडल्या. भाऊ गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच, असं दारावरच्या सिस्टरनी मागाहून मला सांगितलं. तेव्हा मामा, पत्रात पुरे दहा दिवस लिहा. एकही कमी करू नका.